शांततेचा मानकरी

सांता मार्ता दे लास ओयास,
ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार

वडीलबंधू इलारियो यांस,
धाकट्या सेलेरिनोचा, टोपी काढून, नमस्कार.

('यांस' आणि टोपी दोन्ही या ओळीपुरतंच. एकोणीस वर्षांनी लिहितोय, एकदा तरी मान द्यावा म्हटलं. पुढे नेहमीचं अरेतुरे.) शिकागोत थंडी पडायला लागली असेल, छातीला जप. तुझं बरं चाललंय असं दोन्या कूका सांगते आणि तुझा पत्ताही तिनंच दिला. तिच्याकडे सगळ्यांचे पत्ते असतात, गाव सोडून गेलेल्यांचे तर आधी. इकडे सगळं क्षेम आहे. बायकोचे, लूचाचे, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे लूचाही कुरकुरते. कानेलोला ऐकू येईनासं झालंय. कानेलो म्हणजे आमचा कुत्रा. तू गेलास तेव्हा त्याची पणजी होती.

आधीच सांगून ठेवतो, हे समेटाचं पत्र नाही. वडील गेले तेव्हा तू आला नाहीस आणि मी फोनवर "या दारात पुन्हा शीळ घालू नकोस" असं म्हणालो, ते प्रकरण जिथल्या तिथे आहे. पत्राचं कारण सिनेमा. घोड्यांचे जीन शिवणाऱ्या फिलेमोनच्या पोरीनं, एरेंदिरानं, पहिलाच सिनेमा काढला आणि तो फ्रान्समध्ये गाजला, हे तिकडच्या पेपरातही आलं असणार. त्यात तुझ्या भावाचा हात आहे, म्हणजे खरं तर तोंड आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुला कळवण्याआधी मीच तिखटमीठ लावून कळवतो.

पोरगी दोन वर्षांपूर्वी राजधानीतून शिकून आली ती एक कॅमेरा आणि रिकामे हात घेऊन. मग गावानं केलं ते आपण कुठल्याही लग्नाला करतो तेच. प्रत्येक गोष्टीला एकेक पाद्रिनो, एकेक मानकरी. नवरीच्या बुटांना मानकरी असतो, केकला असतो, बँडला असतो, मग सिनेमाला का नसावा? फिलेमोन दिव्यांचा मानकरी झाला. शवपेटीवाला दॉन रोसेन्दो खुर्च्यांचा (मयताला देतो त्याच, पण धुऊन). दोन्या कूकानं जेवणाचा मान घेतला आणि त्याच धांदलीत सिनेमाची नायिकाही होऊन बसली. मी दुपारची झोप काढून पोचलो तोवर सगळे मान वाटून झाले होते. एरेंदिरा म्हणाली, "काका, एकच गोष्ट उरलीय, पण ती कुणाला झेपेल असं वाटत नाही." मी छाती पुढे काढून म्हटलं, "बोल, दिली." ती म्हणाली, "शांतता."

आपल्या गावात शांतता! (उद्गारचिन्ह लूचाचं आहे, ती मागून वाचतेय.) सिनेमाची गोष्ट अशी की एक म्हातारी दारात बसून परगावी गेलेल्या मुलाची वाट बघते. झालं, एवढीच. दोन तास दहा मिनिटं. आणि त्या दोन तासांत एरेंदिराला वारा ऐकू यायला हवा होता. आता तूच सांग, गॅसवाल्याचा भोंगा, भंगारवाल्याची ती रडकी रेकॉर्ड, कोंबडे, बँडचा सराव, यातून वारा कुठून ऐकू यायचा? पण मी मान घेतला होता. गॅसवाल्याला कूकाच्या हातचे तामाले चारून आठवडाभर वरच्या आळीला धाडलं. कोंबड्यांवर टोपल्या घातल्या. पाद्रीबाबांनी चारची घंटा साडेचारला वाजवायचं कबूल केलं, वर देवाला मी समजावतो म्हणाले. अग्निबाण उडवणारा बुढा ऐकेना, तेव्हा त्याच्या काडेपेट्या मी स्वतः लपवल्या. त्या अजून माझ्या कपाटात आहेत, बाहेर बोलू नकोस. सगळ्यात अवघड गेली ती कूका. कॅमेऱ्यासमोर ती सात मिनिटं गप्प बसली, तेव्हा तिच्या शेजारणींनी छातीवर क्रूसाची खूण केली. तिच्या दिवंगत नवऱ्याला उभ्या आयुष्यात एवढी शांतता मिळाली नव्हती.

ती सात मिनिटं म्हणजे शेवटचं दृश्य. दुपारचे चार, म्हातारी दारात, समोर रस्ता. बस येते, माणसं उतरतात, बस जाते. बस्स. पोरीकडे एकच रीळ उरलं होतं, त्यामुळे दृश्य एकदाच घ्यायचं होतं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, आता सगळं तुमच्यावर आहे." मी कोपऱ्यावर पहारा देत उभा राहिलो. सगळं गाव श्वास रोखून होतं. रोसेन्दोला शिंक आली ती त्यानं टोपीत घातली. चार मिनिटं गेली, पाच झाली, आणि सहाव्या मिनिटाला कुणीतरी तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. दोन छोट्या, एक लांब, वर चढणारी.

होय, मीच. आपली शीळ. कानेलो कॅमेऱ्यासमोर चालला होता, त्याला थांबवायला घातली. असं मी तेव्हा एरेंदिराला सांगितलं आणि तेच तुलाही लिहितो. पोरगी रडली. पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. गावात मला कुणी शांततेचं काही विचारेना, आणि लूचा तर मी सूप फुरकलं तरी "वा रे मानकरी" म्हणायची. दुसरं रीळ नव्हतं, म्हणून ती शीळ सिनेमात तशीच राहिली.

आणि राहिली म्हणून तर सगळं रामायण. फ्रान्समध्ये म्हणे ती शीळ ऐकून लोक उठून उभे राहिले. राजधानीतल्या एका समीक्षकानं लिहिलं की ती शीळ म्हणजे 'निघून गेलेल्या अख्ख्या पिढीला मातीनं घातलेली साद' आहे. दुसऱ्यानं लिहिलं, तिला उत्तर येत नाही यातच दिग्दर्शिकेची असामान्य प्रतिभा आहे. तिसरा दाढीवाला थेट गावात येऊन विचारता झाला की हे कुठलं प्राचीन वाद्य? मी त्याला पुढचे दोन दात दाखवले. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. एरेंदिरा भली पोर, माझ्या पाया पडायचीच बाकी होती. म्हणाली, "काका, तुम्ही माझा सिनेमा बुडवलात आणि तारलातही." पण खरं सांगू? मला त्या समीक्षकांचं हसू येत नाही. उत्तर येत नाही, हे त्यांनी बरोबर ऐकलं.

जुलैत सांता मार्ताच्या जत्रेला गावात सिनेमा दाखवला, देवळाच्या भिंतीवर चादर बांधून. शेवटचं दृश्य आलं. रस्ता, म्हातारी, काही हलेना. लोकांना वाटलं, मशीन अडकलं. मागून एक जण मशीनवाल्याच्या जुन्या टोपणनावानं ओरडला, "काकारो!" आणि मग सगळं आवार, बायकापोरांसकट, "काकारो, झोपलास काय रे!" करत शिट्ट्यांनी दणाणून गेलं. बिचारा मशीनवाला राजधानीचा, तो हात वर करून उभा. त्या गदारोळात माझी शीळ कुणाला ऐकूच आली नाही. जगानं ऐकली, सांता मार्तानं नाही. मला मात्र एकदम सिने इंपेरियाल आठवलं रे. (आता तिथे गाद्या विकतात.) फिल्म तुटली की आपण दोघं बाकावर उभं राहून काकारोच्या नावानं कसे बोंबलायचो! तू आधी जाऊन जागा धरायचास, मला मडक्यांच्या भट्टीवर लाकडं घालून यायला उशीर व्हायचा. आत काळोख. मी दारात उभा राहून शीळ घालायचो, दोन छोट्या, एक लांब. तू आतून उत्तर द्यायचास, एक लांब, एक छोटी, खाली उतरणारी. त्या उत्तराला धरून मी लोकांचे पाय तुडवत तुझ्यापर्यंत यायचो. अर्धा सिनेमा गेलेला असायचा, तू कुजबुजत सगळा सांगायचास आणि बराचसा मनानंच रचून सांगायचास. मला तुझेच सिनेमे जास्त आवडायचे.

वडिलांचा घसा भट्टीच्या धुरानं बसला होता म्हणून त्यांनी ही शीळ काढली, तुला आठवत असेल. आणि त्यांचा नियम एकच. रागात असा, भांडलेले असा, झाडावर असा, शीळ ऐकली की उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय आई ताटं वाढायची नाही.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
सेलेरिनो

ता. क. कानेलोचं मी लिहिलं ते खोटं आहे. तो त्या दिवशी घरी बांधलेला होता. बसमधून एक माणूस उतरला, डावा खांदा जरा पाडून चालणारा, टोपी मागे सरकवलेली. बोटं तोंडात कधी गेली ते मला कळलंच नाही. जवळ आला तेव्हा कळलं, बियाणं विकणारा होता.

ता. क. दुसरा. गेल्या महिन्यात सिनेमा तुमच्या शिकागोत लागला होता. एरेंदिरा तिथे हजर होती. तिनं परवा चहा घेता घेता सांगितलं की शीळ झाली आणि काळोखात शेवटच्या रांगेतून कुणीतरी उत्तर दिलं. एक लांब, एक छोटी. लोक "शूऽऽ" करायला लागले आणि दिवे लागायच्या आत तो माणूस उठून गेला. "कोण असेल, काका?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत. ते उत्तर तीनच माणसांना येतं. त्यातले एक टेकडीवर झोपलेत आणि एक तिच्यासमोर चहा पीत होता.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं खरं कारण. फेब्रुवारीत एरेंदिरा दुसरा सिनेमा सुरू करतेय. मान वाटणं चालू आहे. मला शांतता पुन्हा देणार नाही म्हणाली. पण 'उत्तराचा मानकरी' अशी एक जागा मी धरून ठेवलीय आणि तिच्यासाठी उमेदवार एकच आहे. तिकडे कायद्यानं राहायचे तुझे कागद चार वर्षांपूर्वी झाले, हे कूकानं सांगितलंय. वडील गेले तेव्हा कागद नव्हते आणि तू येऊ शकत नव्हतास, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो. त्या फोनवरच्या बोलण्याचं म्हणशील, तर ते ज्यानं म्हटलं त्याला शांतता राखता येत नाही हे आता फ्रान्सपर्यंत माहीत झालंय, त्याचं काय मनावर घ्यायचं. चारच्या बसनं ये. कोपऱ्यावरून शीळ घाल. लूचाला सांगून ठेवलंय, उत्तर आल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत, आणि या वेळी उत्तर मी देणार आहे.