ओरडण्यापुरता आवाज

४ जून

गळाच धरला आज! नवऱ्याचे साहेब दारात आले आणि मला साधं ‘या, बसा’ म्हणता येईना. ‘ब—ब—सा.’ साहेब गेल्यावर नवऱ्याने, विश्वजितने, मला भिंतीला दाबलं, बोटं गळ्यात रुतवली. “हितं अडकतंय व्हय? थांब, काढतो!”

हात जरा ढिला पडला तशी त्याला शिवी हासडली. खणखणीत! शेजारच्या हरणाबाई दार बडवायला लागल्या. “काय झालं गं दीपमाला?” सांगायला गेले—परत अडकलं. तोच म्हणाला, “पडली वं, मावशी.” आतून सासूबाई: “शिव्या द्यायला नरडं हाय, बोलायला न्हाई. नाटकी!”

५ जून

मान वळत नाही.

१२ जून

सांगलीला पुन्हा डॉक्टरांकडे. नाटक नाही, या वेळीही म्हणाले. स्पष्ट! बोलायला लागलं की स्वरतंतू एकमेकांवर आवळतात. ओरडताना, हसताना बऱ्याच जणांचे सुटतात. सासूबाईंनी ऐकायला हवं होतं.

पुन्हा इंजेक्शन नको, असं लिहून दाखवलं. त्याने आवळणं कमी होतं, पण आधी काही दिवस नुसती हवा निघते. मागच्या वेळी नेमकं तेव्हाच विश्वजितने माझं मनगट मोडलं. ओरडायला गेले—फुस्स! कुणी आलं नाही.

मग ऑपरेशनं सांगितली. एकात आवळणाऱ्या स्नायूची नस कापून दुसरी जोडतात. दुसऱ्यात गळ्याची पुढची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, मधोमध चिरून फाकवतात, फटीत टायटॅनियमचे तुकडे बसवतात. फट किती ठेवायची ते आवाज ऐकून ठरतं, म्हणून पेशंट जागाच. “हे दुसरं तुम्हाला बरं. बोलणं मोकळं होईल. ओरडायचा जोर मात्र कमी होऊ शकतो. चालेल?”

माझ्याआधी विश्वजितच: “चालंल की! लय चालंल!” हसलासुद्धा. मेला!

१३ जून

नको. ओरडणं गेलं तर हा मला मारूनच टाकेल.

२० जून

आज त्याने कमरेचा पट्टा काढला. मी तवा भिरकावला. कपाळ फुटलं त्याचं—बरं वाटलं! माझं ओरडणं ऐकून हरणाबाई आल्या. काय झालं म्हणून विचारलं, आणि मी पुन्हा मुकी. तो म्हणाला, “याड लागलंय हिला.” बाईंनी त्याच्या कपाळाला हळद लावली. हळद! त्याला!

ओरडून माणसं दारापर्यंत येतात. पुढचं सगळं तोच सांगतो. ऑपरेशन करणार मी.

९ जुलै

झालं. गळा बधिर, उघडा, मी टक्क जागी. “नाव सांगा,” डॉक्टर म्हणाले. “दी—दीप—” आत काहीतरी ओढलं. “आता?” “दीपमाला.” सलग! “छान. जरा मोठं वाक्य बोला.”

“माझा नवरा विश्वजित मला मारतो.”

कुठेच अडलं नाही. सगळे थांबले. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा म्हणा.” पुन्हा म्हटलं, शांतपणे. एक सिस्टर हातमोजे काढून पोलिसांना फोन करायला गेल्या.