चहाची सही

सोमवार, ९ मार्च

काल इथं लिहिलं ते चूक आहे. "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. विषयाला कोणाचाही विरोध नव्हता." हे वाक्य मी मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं — स्वतःच्या रोजनिशीत! सकाळी दात घासताना लक्षात आलं.

दुरुस्ती अशी. विरोध होता. एकच होता, पण उभं राहून केलेला होता. पद्मामावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी न्हाई म्हणते. लिवा." मी मान हलवली. लिहिलं मात्र नाही. पानावर जागाच नव्हती. पान मी शनिवारी घरी बसून भरून ठेवलं होतं.

हेही लिहून टाकते, म्हणजे एकदाच होईल. आमच्या नवजीवन कॉलनीच्या रहिवासी मंडळाची पद्धत अशी — अध्यक्ष शिवहार गुरुजी विषय सांगतात, मी सचिव म्हणून ठराव आधीच लिहून ठेवते. "सभेत गलका असतो, अक्षर बिघडतं," असं गुरुजींचं म्हणणं. मग वही फिरते. सही केली की चहा. सही नाही, चहा नाही. लिहिता येत नाही त्यांचा अंगठा, चहा तोच. दगडोबा तात्या एसटीत कंडक्टर होते. ते म्हणतात, "आधी तिकीट, मंग गाडी." सगळ्यांच्या सह्या झाल्या की चर्चा सुरू. नऊ वर्षं असंच चाललंय, त्यातली दोन वर्षं माझ्या अक्षरात. नालीची सफाई, मंदिराचा रंग, मोकाट डुकरांचा बंदोबस्त, सगळं सर्वानुमते. डुकरं अजून आहेत.

पण कालचा विषय डुकरांचा नव्हता. कॉलनीच्या मागच्या प्लॉटवर गोपीचंदशेठ पाच मजली अपार्टमेंट बांधणार आहेत. त्यांना रस्ता हवा आणि गाड्या लावायला जागा हवी. म्हणून कॉलनीची खुली जागा हवी. म्हणून मंडळाची ना-हरकत हवी. त्याच जागेवर पद्मामावशी दर उन्हाळ्यात आजूबाजूच्या शेतकऱ्यांची शिजवलेली हळद वाळवून देतात. त्यांचं घर त्यावर चालतं, गल्लीतल्या आणखी आठ बायांचंही.

मी लिहिलं — "ना-हरकत देण्यास सर्वानुमते मंजुरी." खाली माझी सही. सचिव. अक्षर फार सुंदर आलंय.

मंगळवार, १० मार्च

गोपीचंदशेठ घरी आले. पेढे आणि रंगीत पुस्तिका घेऊन. "ताई, तुमचं अक्षर म्हणजे एकदम छापल्यासारखं. वही बघूनच नगरपरिषदेतले साहेब खूश."

बाबांनी पुस्तिका उलटी धरली होती, मी सरळ करून दिली. आत पोहायच्या तलावाचं चित्र. बाबांनी विचारलं, "ह्याला पाणी कोन्या वारी येते?" आमच्या नळाला आठ दिवसांनी येतं. शेठ म्हणाले, "बोअर मारणार ना, काका."

"आमी बी तीन मारले," बाबा म्हणाले. "फुफाटा चांगला लागला."

चित्रात आमची खुली जागा हिरवीगार आहे आणि तिथं एक गोरी बाई कुत्र्याला फिरवते आहे. आईनं तिला बराच वेळ न्याहाळलं. "ही कोन्या गल्लीतली?"

पेढे परत करायला हवे होते. तोवर बाबांचे दोन खाऊन झाले होते. मी फक्त अर्धा खाल्ला.

बुधवार, ११ मार्च

पेढा पूर्ण खाल्ला होता.

गुरुवार, १२ मार्च

गुरुजींकडे गेले. जाताना वाक्य पाठ केलं, दारात विसरले. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा हात हातात धरून पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं. आमच्या घराण्यात कोणी काढलेलं ते पहिलं अक्षर. त्यामुळे त्यांच्यासमोर मी अजून पहिलीतच असते.

"गुरुजी, पद्मामावशींचा विरोध लिहायचा राहिला."

"राहिला नाही. त्याची गरज नाही."

"पण त्या बोलल्या."

"शिवकन्या, इतिवृत्त म्हणजे घडलं ते नव्हे. ठरलं ते."

"ठरलं कधी?"

"तू लिहिलंस तेव्हा."

विनोद करत नव्हते. मग समजुतीनं म्हणाले, कॉलनीचं नाव होईल, दवाखाने येतील, तुझ्यासारख्या पोरींना ऑफिसात काम मिळेल. "बाई काय, हळद कुठंही वाळवेल. ऊन काही कुलपात नाही." आणि फारच वाटत असेल तर पुढच्या सभेत दुरुस्ती मांड. पुढची सभा गणपतीच्या आधी. तोपर्यंत तिथं दुसरा मजला झालेला असेल.

निघताना पाया पडले. सवयीनं.

शुक्रवार, १३ मार्च

तात्या पानटपरीवर भेटले. विचारलं, ठराव वाचून सही केलीत का?

"तिकिटामागचं बारीक अक्षर वाचून कोन बसते गाडीत?"

"पद्मामावशी नाही म्हणाल्या, ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. बराबर बोलली. मी मान बी हालवली."

"मग सही?"

"सही तर आधीच झालती. आन ती ठरावाची न्हवती, चहाची व्हती." मग सुपारी कातरायची थांबवून माझ्याकडे बघितलं. "काहून? काय लफडं झालं का?"

आणखी पाच जणांना विचारलं. पाचही चहाच्या सह्या. एकाला वाटलं होतं, सही डासाच्या फवारणीसाठी आहे. वहीत एकूण सव्वीस सह्या-अंगठे. सव्वीस कप चहावर पाच मजले. आणि चहात दूधही कमी होतं.

रविवार, १५ मार्च

पद्मामावशींची माफी मागायला खुल्या जागेवर गेले. मागितली नाही.

दुपारचं ऊन. हळद या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. मावशी दाताळ्यानं ती खालीवर करत होत्या.

"ये गं सचिव. बस. न्हाई, तिथं नको, भाजशील."

"मावशी, या वर्षी जास्त दिसते."

"दुप्पट घेतली. पंधरा जनाची. मागल्या सालीच घेणार व्हते, मन धजत न्हवतं. कवा कोन जागा मोकळी कर म्हणन, काय नेम? आता तू माजं 'न्हाई' कागदावर लिवलं. मंग कायची भीती?"

मी एक हळकुंड उचलून परत ठेवलं. मग विचारलं, दुसरीकडे नाही का वाळवता येणार?

"कुठं? पत्र्यावर मावत न्हाई. रस्त्यावर टाकली की धूळ बसती, मोंढ्यात व्यापारी नाक मुरडतेत. आन ते पाच मजले उभे राहिले तर सावली पडन. सावलीत लेकरू वाढते, हळद वाळत न्हाई. बुरशी धरती. एका शेतकऱ्याची जरी खराब झाली ना, पुढल्या साली कुत्रं बी येत न्हाई विचारायला." दाताळं टेकवून त्या हसल्या. "वाचून दाखव की एकदा, मी कशी बोलले ते. नातीला सांगायला हुईन."

"वही गुरुजींकडं आहे," मी म्हणाले.

हे खरं आहे. परत परत तपासलं, प्रत्येक शब्द खरा आहे. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी आजवर बोलले नव्हते.

निघताना त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. केसांत पिवळं राहिलं. आई म्हणाली, "लग्न ठरवून आलीस का काय?"

मंगळवार, १७ मार्च

विजेच्या खांबावर नगरपरिषदेची नोटीस लागली. "रहिवासी मंडळाची सर्वानुमते संमती प्राप्त झाली असून" — माझंच वाक्य. 'खेळीमेळीच्या वातावरणात' हेसुद्धा घेतलंय. टाईप केल्यावर जास्तच खरं दिसत होतं. खाली — कोणाची हरकत असल्यास सोमवारी, २३ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता लेखी मांडावी, त्यानंतर विचार होणार नाही.

नोटीस रोजनिशीत उतरवून घ्यावी म्हणून घरात पेन आणायला गेले. परत येते तर आमची शेळी खांबाला पुढचे दोन पाय लावून उभी. नोटीस कणकेच्या खळीनं चिकटवलेली, तिला वास आला असणार. तारीख, वेळ, लेखी हरकत, साहेबांची सही — सगळं पोटात. वर फक्त "सर्वानुमते संमती प्राप्त" शिल्लक.

कॉलनीत नोटीस एकच. आता ती तारीख माहीत असलेल्या आम्ही दोघी. त्यातली एक रवंथ करते आहे.

बुधवार, १८ मार्च

बाबांना रात्रभर काळजी. "सरकारी कागद खाल्ला म्हणून शेळीवर केस होती का?" होत नाही म्हटलं. "मंग ठीक. दूध चांगलं देती."

त्यांचा चहा होऊ दिला आणि सगळं सांगितलं. ठराव सभेआधी लिहिला, मावशींचं लिहिलं नाही, माझी सही आहे.

बाबांनी आयुष्यभर मोंढ्यात पोती उचलली. भेटेल त्याला सांगतात, आमची शिवकन्या सचिव आहे. ते म्हणाले, "म्हंजे तू लिवलं ते खोटं हाय?"

"हो."

"लिवलेलं खोटं असते?"

ते शेळ्या सोडायला निघून गेले.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "खोडून टाक की."

"वहीत खाडाखोड चालत नाही. वही माझ्याकडे नाही."

"मंग दुसरा कागद लिव. यवढी शिकली आन एका कागदावर अडून बसली. माजा बी अंगठा हाय त्या पानावर. तो कायचा, इचारलं का तू मला?"

नव्हतं विचारलं.

दुसरा कागद लिहायचा म्हणजे असं लिहावं लागेल — सदर इतिवृत्त मी, सचिव, सभेपूर्वीच लिहिले व ते खोटे आहे. मी सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरते. प्रत्येक अर्जाच्या शेवटी ओळ असते, माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. रोज वीस-पंचवीस जणांकडून त्या ओळीखाली सही घेते. आज ती ओळ आली की माझं बोट मागे येत होतं. एक आजोबा म्हणाले, "काय तकलीफ हाय, माय? सही मी करून राहिलो, तू काहून भेतीस?"

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. कडुनिंब खाल्ला. काही विशेष कडू लागला नाही.

शुक्रवार, २० मार्च

पद्मामावशींना सांगितलं. हळदीच्या कडेला उभी राहून अख्खा ठराव तोंडपाठ म्हणून दाखवला, सुरुवातीपासून माझ्या सहीपर्यंत.

"मंग माजं 'न्हाई' कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. "पेनात अडकलं का तुज्या?"

"मी लिहिलं नाही, मावशी."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या परत दाताळं ओढू लागल्या. एक फेरी, दुसरी फेरी. मी उन्हात उभी. तिसऱ्या फेरीला, तोंड तिकडेच ठेवून, म्हणाल्या, "पंधरा जनाला जबान दिली मी. तुज्या मान हालवण्यावर."

मग सोमवारची तारीख सांगितली. हरकत लिहून देते म्हणाले. त्यांनी दाताळं टाकलं, बायांना हाका मारल्या. नऊ जणी गोल बसल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. आईही येऊन बसली. लिहून झाल्यावर मी कागद पुढे केला तर मावशींनी हात मागे घेतला.

"आधी वाच."

वाचला.

"परत वाच. हळू. ह्या वक्ताला चहा न्हाई कोनाला."

परत वाचला. मग त्यांनी कागद जवळ घेऊन बोटानं दाखवलं. "हे खाली कोरं काहून सोडलं?"

"अंगठ्यांसाठी."

"अंगठ्यापुरतं ठेव. बाकी रेघ मार. कोरं दिसलं की तुमच्या हाताला खाज सुटती."

रेघ मारली. त्यांनी माफ वगैरे काही केलेलं नाही. मी विचारलंही नाही.

माझा स्वतःचा कबुलीचा कागद वेगळा लिहिला. चार ओळींचा. चौथ्यांदा नीट आला.

शनिवार, २१ मार्च

मागून करणं बरोबर नाही, म्हणून गुरुजींना आधी सांगून आले. सोमवारी नगरपरिषदेत जाणार आहे, असं असं लिहून देणार आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "शिकवलं ते माझ्यावरच उलटवतेस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बघून लिहू नये, समजून लिहावं."

"जा आता," म्हणाले.

रस्त्यात रडले. चपलेनं पाय कापला म्हणून, असं आईला सांगितलं. (कापला नव्हता.)

रविवार, २२ मार्च

दुपारी तात्यांनी मंडळाचं पत्र आणून दिलं. मला सचिवपदावरून काढलं आहे. सर्वानुमते. अक्षर गुरुजींचं, ठरावावर तारीख मात्र मागची, १ मार्चची — म्हणजे आठ तारखेच्या सभेबद्दल बोलायला मी कोणीच नाही. तात्या दारातच घुटमळले. "खाली माजी बी सही हाय म्हनं. चहा कवा झाला ते आठवंना."

तीनदा वाचलं. मी जर १ मार्चपासून सचिव नाही, तर ८ मार्चच्या ना-हरकतीखाली सचिव म्हणून सही आहे ती कोणाची?

गुरुजींच्या हे लक्षात आलं नसावं.

बायांची हरकत, माझी कबुली आणि हे पत्र, तिन्ही कागद पिशवीत घातले. शेळीपासून लांब, वर खुंटीला अडकवली. उद्या, सोमवार, २३ मार्च. सकाळी अकरा वाजता.