दुसऱ्या अंतऱ्याआधी

आकुर्डी,
मंगळवार, २२ जानेवारी १९८०

ति. सौ. ताईस,

पद्मीचा नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. भाऊजींच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. मिरजेची थंडी यंदा जास्तच दिसते. इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, पण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर वाकून पाठ धरते ही तक्रार आहेच.

तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनामुळे तुला तेरा तारखेच्या कार्यक्रमाला येता आलं नाही, म्हणून तू बजावलंस, "पहिल्यापासून लिही. गाळू नकोस काही." तर लिहिते.

ताई, जमलं! त्रेचाळिसाव्या वर्षी तुझ्या बहिणीने दोन तास एकटीने पियानो वाजवला आणि लोक उठून गेले नाहीत. उलट येत राहिले. चिंचवडच्या शाळेचं सभागृह, चारशे खुर्च्या, आणि साडेपाचला खिडक्यांच्या कडेनेही माणसं उभी. पहिल्या शिफ्टचे कितीतरी कामगार गणवेशातच आले होते. गायक नाही, तबला नाही. पियानो म्हणजे काय हे बघायलाच बरेच जण आले असतील, असं मी आधी मनाशी धरून चालले होते. पण बघून झाल्यावरही ते थांबले.

पियानो पिंपरीच्या क्लबातून आणायचा म्हणजे केवढी यातायात! क्लबचा ज्योतीराम तुला आठवत असेल, निघोज्याचा. पियानो नवा होता तेव्हा मुंग्या लागू नयेत म्हणून ह्यानेच त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, खाण्याच्या कपाटाखाली ठेवतात तशा. पायांची चाकं गंजली ती अजून फिरत नाहीत. त्यामुळे मशीन उचलायची चेन-पुली लावून तो ट्रकमध्ये चढवावा लागला. ज्योतीराम ट्रकवर उभा राहून ओरडत होता, "दमानं रं! लेथ न्हाई त्यो, बाईंचा पियानो हाय!" मी म्हटलं, "ज्योतीराम, चाकं फिरली असती तर एवढं उचलावं लागलं नसतं." तर म्हणतो, "व्हय बाई, पर मुंगी एक तरी लागली का?"

अठरा वर्षांत लागली नाही, हे खरं.

दुसरी बातमी. त्या दिवशी मुंबईच्या एका संगीत मंडळाचे चिटणीस आले होते. नऊ मार्चला त्यांच्याकडे माझं स्वतंत्र वादन ठरलं आहे. कार्यक्रमपत्रिका छापायची म्हणून त्यांनी एक परिच्छेद मागवला आहे: शिक्षण कुणाकडे झालं, वादनावर कुणाचा प्रभाव आहे. सोमवारी, चार फेब्रुवारीला, मजकूर त्यांच्या हातात हवा. गेले चार दिवस मी तोच लिहिते आणि फाडते आहे.

नुसते वडील म्हणून नव्हे, गुरू म्हणूनही अण्णांचं नाव पहिलं, त्यात शंका नाही. शाळामास्तरांच्या पगारात पायपेटी घेणारा आपल्या गावात तो एकच माणूस. हातपेटी असती तर माझा डावा हात भात्यावरच गेला असता. अण्णांनी पायाने भाता मारायला लावला आणि दोन्ही हात मोकळे ठेवले. तरी डाव्या हाताने मी काय करायची? पदर सावरायची.

ते एरिकाबाईंनी मोडलं. त्यांचे यजमान परदेशातून यंत्रं उभारायला आले तेव्हा, बासष्ट साली, त्या पिंपरीला आल्या. क्लबच्या हळदीकुंकवाला माझी पेटी ऐकून त्यांनी मला हाताला धरून तिथे ठेवलेल्या आपल्या पियानोपाशी नेलं. आठ दिवसांनी माझा उजवा हात त्यांनी रुमालाने कमरेला बांधला, आणि रोज तासभर नुसता डावा हात! म्हणायच्या, "हा तुझा हात तुझ्याबरोबर जन्मला ना? मग त्याला काही येत कसं नाही?" तीन महिने मी रडत वाजवलं. सदुसष्ट साली त्या गेल्या आणि पियानो क्लबला देऊन गेल्या. साहेब लोक कामावर असताना अकरा ते एक तो माझा.

मग खडकीच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे फुर्ताडो मास्तर. दर गुरुवारी लोकलने जायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच टेबलावर पेन्सिल आपटायचे. "पद्मजाबाई, कुणाची वाट बघता?"

"कुणाची नाही, मास्तर."

"बघता. प्रत्येक ओळ संपली की बघता. इथे तुम्ही आणि मी. मी गात नाही. देवाची कृपा आहे, मी गात नाही!"

पेटीवरच्या साथीची सवय होती ती. गाणारी श्वास घेते तेवढं थांबायचं, तिने शब्द उचलला की मागून जायचं. समोर कोणी गात नसतानाही माझे हात थांबायचे. मास्तरांनी दहा वर्षं पेन्सिल आपटली, पण ती सवय पूर्ण गेली नाही.

अण्णा, एरिकाबाई, फुर्ताडो मास्तर. तीन नावं लिहून होतात आणि मी अडते.

दळण आणायला जायचं आहे. उरलेलं उद्या.

गुरुवार, २४ जानेवारी

ताई, मंगळवारी मी दळणासाठी थांबले नव्हते. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी येऊन थांबले होते. तू लिहिलं आहेस: "बरं झालं पद्मे, सहासष्टच्या गणपतीत मी शब्द विसरले. नाहीतर तू जन्मभर माझ्यामागे पेटी वाजवत बसली असतीस."

ते वाक्य तू हसत लिहिलं असशील. तुझ्या अक्षरात तसं दिसतं. म्हणूनच आता लिहिणं भाग आहे.

मी माझी सहासष्टची डायरी काढून पाहिली. मी रोज लिहिते हे तुला माहीत आहे, भाजी काय केली तेही लिहिते. त्या तारखेला एवढंच आहे: "कॉलनीत ताईचा कार्यक्रम. उकाडा. कढी-भात." पुढे अर्धं पान कोरं. माझ्या डायरीत कोरं पान दुसरं सापडायचं नाही.

तू विसरली नव्हतीस, ताई.

रेकॉर्ड कंपनीचे गृहस्थ खास तुला ऐकायला पहिल्या रांगेत होते. तुझी पहिली दोन गाणी इतकी सुरेख झाली की गणेश मंडळाच्या शालनबाईंनी तिथेच तुझी दृष्ट काढली. तिसरं अण्णांनी रचलेलं पद. पहिला अंतरा झाला. आता मी दोन आवर्तनं भरायची, षड्जावर येऊन थांबायचं, आणि तू दुसरा अंतरा उचलायचा. हजार वेळा केलेलं.

मी थांबले नाही. एरिकाबाईंकडे डावा हात चांगला सुटला होता. पेटीवर तो कधी वापरला नव्हता, तो मी त्या वेळी लावला. खाली भरदार सूर, वर अण्णांची चाल. लोकांनी असलं काही ऐकलं नव्हतं. टाळ्या पडल्या. तू तोंड उघडलेलं मला दिसलं. मला दिसलं, हे नीट वाच. मी आणखी दोन आवर्तनं घेतली. पुन्हा टाळ्या. तू पुन्हा श्वास घेतलास, पुन्हा सोडलास. तिसऱ्या खेपेला मी भानावर येऊन थांबले, तेही षड्जावर नाही, भलत्याच सुरावर. तिथून कोणालाही अंतरा उचलता आला नसता. तू उचलायची जागा शोधत राहिलीस. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणा की बाई पुढं!" तू हात जोडलेस आणि उठलीस.

घरी आल्यावर तू पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणालीस, "शब्द गेले गं माझे. अण्णांचे शब्द गेले." आणि मी म्हणाले, "होतं असं कधी कधी, ताई."

एवढं एकच वाक्य मी बोलले. चौदा वर्षं तू त्यावर विश्वास ठेवलास. पुढच्या वर्षी भाऊजींची बदली झाली आणि ती बरीच झाली असं तू म्हणालीस. चारचौघांत पुन्हा गायली नाहीस. सुलूच्या लग्नात, पोटच्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं म्हणायला सगळ्यांनी आग्रह केला, तर म्हणालीस, "नको, मला आठवत नाही ऐन वेळी." मी शेजारी अक्षता वाटत होते. वाटत राहिले.

मी हे हेव्याने केलं का, हे मी स्वतःला कितीदा विचारलं असेल. पहिल्या फेरीत हेवा नव्हता, नुसता आनंद होता. दुसऱ्या फेरीबद्दल मला खात्रीने सांगता येत नाही. त्याहून वाईट घरी बोलले ते वाक्य. ते मी पूर्ण शुद्धीत बोलले.

आता तेरा तारखेचं एक गाळलं होतं ते सांगते. शेवटी मी अण्णांचं पद वाजवलं. पहिला अंतरा झाला, दोन आवर्तनं भरली, षड्जावर आले, आणि हात थांबले. मी थांबवले नाहीत. तू जेवढा श्वास घ्यायचीस तेवढाच वेळ गेला असेल. आणि तुला सांगते, त्या शांततेत मला तुझा दुसरा अंतरा पुरता ऐकू आला, मग मी तो वाजवला. पियानोला मींड नसते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. पण तू जिथे घसरत जायचीस तिथे मी किंचित थांबत गेले, आणि लोकांचे कान आपोआप पुढे गेले. नंतर लोक उभे राहिले ते त्याच पदाला. चिटणीस म्हणाले, "ह्या तुमच्या थांबण्यात गाणं आहे. हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरी."

ज्या सवयीवर मास्तरांनी पेन्सिल आपटली, तीच मला मुंबईला घेऊन चालली आहे. ती तुझ्या श्वासाची आहे. मला त्या संध्याकाळचा आनंद झाला, फार झाला, अजून होतो आहे, हेही खोटं सांगणार नाही.

तर चौथं नाव असं लिहिलं आहे: "माझी थोरली बहीण चारुलता. तिच्या गाण्यातून मी थांबायला शिकले. १९६६ साली एका मैफिलीत मी थांबले नाही, म्हणून तिचं गाणं थांबलं. चूक माझी होती." ह्यांना वाचून दाखवलं. हे पाठ चोळत म्हणाले, "आधी त्यांना कळव. छापायचं का ते त्या ठरवतील." बरोबर आहे. छापू नये असं वाटलं तर तार कर, तुझं नाव निघेल. पण खरं काय ते आता मी तुझ्यापासून रोखून धरणार नाही, मग तू माझ्याशी बोलणं सोडलंस तरी.

क्षमा मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. एवढंच कर. भाऊजी बाहेर गेले की दार लोटून घे आणि अण्णांच्या पदाचा दुसरा अंतरा मोठ्याने म्हण. ते शब्द मी मुद्दाम इथे लिहीत नाही. तुला येतात.

तुझ्या श्वासासाठी जिने थांबायला हवं होतं, ती तुझी साथीदार,
पद्मी