जनावर शेणातून सांगतं

आई, मागच्या आठवड्यात हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. मी बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला गेले होते. माझी पन्नाशी उलटलेली बघून त्या म्हणाल्या, "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का?" मी म्हणाले, "न्हाई. आईला रक्त जायचं, पण ती मूळव्याध व्हती." "कुणी तपासलं होतं?" कुणीच नाही. तूच ठरवलंस, आम्ही माना डोलावल्या, आणि वर्षाच्या आत तू गेलीस.

त्यांनी एक छोटी बाटली दिली. झाकणाला काडी असते. ती शौचाला लावायची आणि बाटलीत बुडवायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तही सापडतं म्हणे. लघवीतूनही हा कॅन्सर ओळखता येईल का, याचा शोध चालू आहे, पण सध्या भरवसा हिच्यावर. बाई म्हणाल्या, "मात्र आईला कॅन्सर झालेला असेल, तर बाटलीवर थांबायचं नाही, दुर्बिणीनं आतून बघायचं. घरी विचारून सांगा."

दादाला फोन केला. "मूळव्याधच व्हती," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला काहून नवा रोग लावून राहिलीस?" मग स्वतःच म्हणाला, "लई वाळली व्हती पण."

मला गोठ्यातली तू दिसतेस. गोवऱ्या थापायला बसली आहेस, हातातलं शेण दाबून बघतेस. "तांबडीला आव पडलीय. आज पेंड देऊ नका." मी लांब उभी, नाक दाबून. तू खेकसतेस, "नाक काहून धरतीस? जनावर तोंडानं सांगत न्हाई, शेणातून सांगतं." आणि तूच, आई, शेवटच्या वर्षात उजाडायच्या आत एकटीच परसाकडं जायचीस, मला सोबत येऊ द्यायची नाहीस. विचारलं की "उष्णता झालीय" म्हणून ताक प्यायचीस. तांबडीची एवढी काळजी करणारी तू, स्वतःच्या बाबतीत अशी आंधळी कशी झालीस? मला तुझा राग येतो. मग वाटतं, तुला कळलंच असेल, आम्हाला सांगायची लाज वाटली असेल. मग तेही खरं वाटत नाही.

काल बाटलीचा निकाल आला. रक्त नाही. सुटले म्हणावं, तर डॉक्टरबाईंना तुझ्याबद्दलचं उत्तर द्यायचं राहिलंच आहे. मूळव्याध म्हणाले तर मी दुर्बिणीतून मोकळी. कॅन्सर म्हणाले, तर न बघितलेलं तुझ्या नावावर लावते. आणि तो असला, तर तू वाचली असतीस का, हे मला कळून घ्यायचं नाही.

उद्या जाऊन सांगणार आहे, "आईचं माहीत न्हाई. तुमी माझं आतून बघा." भीती वाटते गं.

हा कागद कुठं टाकणार, घडी करून ठेवते. एक सांगायचं राहिलं. काडी लावताना मी नाक धरलं होतं. मग सोडलं.