शेकोटीची मोकळी बाजू

८ जानेवारी
रानातल्या बांधवांनो, तुमच्या गारठ्याची नोंद एकाही सरकारी कागदावर नाही! पाहा, रोजनिशीतही माझं भाषण सुटत नाही. वरोऱ्याहून निघालो आणि आज गडचिरोलीच्या या रानात पोहोचलो. मन हरखून गेलं. सोमवारी खाणीसाठी जंगल मोजायला अधिकारी येणार. जागा रिकामी दिसली तर ‘कोणाची हरकत नाही’ असं लिहून मोकळे होतील. म्हणून सगळं गाव इथं मुक्कामाला आलंय, आणि त्यांना धीर द्यायला मी. जमिनीवर भाताच्या तणसाचा जाड थर, वर ताडपत्री, मधोमध ऐनाच्या ओंडक्यांची शेकोटी. आरमोरीचा कार्यकर्ता दिनेश माझ्या घोंगडीतला जोडीदार. गावातल्या सुकरीबाईंनी विस्तवात तापवलेले गोटे फडक्यात बांधून दिले. “पोटाशी घेऊन झोपा भाऊ, नाईतर सकाळी तुमच्या जागी दातच भाषण देतीन!”

शेकोटीच्या एका बाजूला मात्र कोणी बसत नाही. रानात मेले आणि घरी परतले नाहीत, त्यांच्यासाठी ती जागा सोडतात, असं गावातले वडीलधारे कोलूभाऊ म्हणाले.

९ जानेवारी
गारठा हाडांत शिरला. तीन बाजूंना दाटी, मागच्या म्हाताऱ्यांना धग लागेना. मी उभा राहिलो. जिवंत माणसं कुडकुडत असताना मेलेल्यांसाठी जागा राखायची, हा कुठला न्याय? पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोलूभाऊ एवढंच म्हणाले, “बसा ना भाऊ. पण मंग त्यानं कुठी बसाव?”

सगळे हसले. त्या जागी पहिला मीच बसलो. पाठोपाठ म्हातारे आले.

१० जानेवारी
पहाटे जाग आली, तेव्हा पाठीला पाठ लागलेली होती. बर्फासारखी गार. दिनेशला थंडी वाजत असेल म्हणून घोंगडी त्याच्या अंगावर सारली. तरी ती पाठ तापेना.

उजाडल्यावर दिनेश रस्त्याने चालत आला, खांद्यावर तांदळाचं पोतं. मी झोपल्यावर तो आरमोरीला गेला होता. रात्रभर तिथंच होता.

११ जानेवारी, दुपार
शेकोटी दिवसाही पेटती आहे. जाळ उंच आहे. पँट करपली, पण मला धग लागत नाही. माझ्या शेजारी बसणारेही काकडतात. सुकरीबाईंनी माझ्या हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हातारे घरी जायची भाषा करतात. उद्याच मोजणी आहे! मी बोलायला उभा राहिलो. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्या तोंडातून —

११ जानेवारी, रात्र
बसलो तो उठता येत नाही. मांडीवर कोणीतरी बसलंय. दिसत नाही. वजन आहे. त्याची ओली पाठ माझ्या छातीला —

कोलूभाऊ ओरडताहेत, “उठा, त्याची जागा त्याले द्या!” द्यायचीच आहे मला. दिनेशनं ओढून पाहिलं, त्याची बोटं काळीनिळी पडली. मीच दिनेशला दूर हाकललं.

लोक गाठोडी बांधताहेत. ते गेले तर हे जंगल —

बांधवांनो, जाऊ नका. ही शेकोटी नासली, ती मी नासवली. दुसरी पेटवा, आणि तिची एक बाजू मोकळी सोडा. आत्ता, लगेच —

पेटली. सोडली त्यांनी जागा.

मांडीवरचा हा तिकडे वळतोय. उठतोय — पण माझा डावा हात धरून —