काका दुसऱ्या कोर्टात नव्हते

ती. आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकूनच करणार होते, पण परवा चार तास उभी राहून कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना? काकांच्या साखरेची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण हे पत्रच तिच्याबद्दल आहे.

भाचीने भर कोर्टात नाक कापलं, असं काकांनी घरी येऊन सांगितलंच असेल. कापलं, हे मला मान्य आहे. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय तू निकाल देत नाहीस, म्हणून लिहिते.

आमच्या एक पक्षकार आहेत, शिंपीणबाई. घरमालकाला त्यांचा गाळा रिकामा करून हवा आहे. दुकान बंद ठेवून त्या दहा वेळा कोर्टात आल्या आणि दहाही वेळा काकांनी पुढची तारीख घेतली. अकराव्या वेळी काकांनी मला पाठवलं. उभी राहा, 'सर दुसऱ्या कोर्टात आहेत' म्हण आणि तारीख घेऊन ये. (हे वाक्य आमच्याकडे इतकं झिजलंय, की कधीकधी दोन कोर्टांत दोन ज्युनिअर एकाच सरांबद्दल ते एकाच वेळी म्हणत असतात, आणि सर तिसरीकडेच.) जिन्यात सहा वेळा म्हणून पाहिलं, सहाही वेळा जमलं. मग कोर्टात उभी राहिले आणि नको ते केलं, मागे वळून पाहिलं. मागे शिंपीणबाई बसल्या होत्या. कॅन्टीनमध्ये काकांना नमस्कार करूनच त्या वर आल्या होत्या.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, सर कुठे आहेत? मी म्हटलं, "कॅन्टीनमध्ये." काय करताहेत? आत्या, इथे गप्प बसायला कोणी शिकवलं असतं तर बसलेही असते. पण मी वाढले तुझ्या स्वयंपाकघरात, आणि तिथे कायदा एकच: आधी खरं, मग जेवण. सातव्या वर्षी बरणी फुटली तेव्हा मी स्वतःविरुद्ध साक्ष दिली, शिवाय झाकण आधीच फुटलं होतं आणि तेही मीच फोडलं होतं, हे न विचारता सांगितलं. तेव्हा तू पाठ थोपटलीस. आता भोग. मी म्हटलं, "केक खाताहेत." आणि अर्धवट खरं म्हणजे खोटंच, हेही तुझंच म्हणणं, म्हणून पुढे म्हटलं, "दुसरा."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते शब्दशः रोजनाम्यात उतरवून घेतलं, म्हणजे कोर्टाच्या दप्तरात काकांचा केक आता कायमचा आहे. मग तारीख नाकारली आणि घरमालकाची उलटतपासणी मलाच घ्यायला सांगितली. हातातले कागद उलटे धरले होते, हे मला तासाभराने कळलं. घरमालकाचं म्हणणं, लेकीला दवाखाना काढायचाय, म्हणून गाळा हवा. मी घाबरून जे सुचलं ते विचारलं, लेक कितवीत आहे? पाचवीत. बाहेर आल्यावर शिंपीणबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, मग हे दहा तारखांपूर्वी का नाही विचारलंत?" काका शेजारीच होते.

संध्याकाळी काकांनी माफीपत्राचा मसुदा पुढे ठेवला. त्यात तीनच वाक्यं होती. मी गैरसमजातून बोलले. सर दुसऱ्या कोर्टात होते. केक नव्हता. सही होईपर्यंत ऑफिसातली माझी कपाटाशेजारची खुर्ची बंद. मी सही करणार नाही. काल आणि आज मी व्हरांड्यात, नळाशेजारच्या बाकावर बसून काम केलं. बाक टोचतो, तरी उद्याही तिथेच बसेन. पुढची साक्षही मीच घ्यावी असं शिंपीणबाईंचं म्हणणं आहे, आणि बाकासाठी त्या गादी शिवून देणार आहेत.

तुझ्याच तालमीतली,
भाची

ता. क. रोजनाम्याची नक्कल काढली आहे. सोबत जोडलेली नाही; जोडली तर ती धमकी होईल. (अर्ज केल्यास कोणालाही मिळते.)

ता. क. २ खुर्ची मला हवी आहे. काका न्यायाधीशांना घाबरत नाहीत, तुला घाबरतात. तेवढं बोल. मी सांगितलं म्हणून बोलतेस, हेही सांग.

ता. क. ३ आधी खरं. मला वकिलीची सनद मिळून त्या दिवशी वर्ष झालं, म्हणून ते केक मीच आणले होते. त्यांना साखर आहे हे माहीत असून दोन दिले. चुकलं. यालाच माझं माफीपत्र समज, खाली सही केली आहे. काकांना दाखव, मला सही करता येते.

भाची