डेंटिस्टच्या बागेला पाणी

३ डिसेंबर, चहाआधी
थंडी पडली. सूड उगवायचा मोसम सुरू.

गेल्या वर्षी पुष्पप्रदर्शनाचा कप शेजारच्या डेंटिस्टने नेला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. (आहे, पण ते वेगळं लिहीन.) कप हातात घेऊन हा गृहस्थ माइकवर म्हणाला, "आमच्या शेजाऱ्यांचे डेलियाही बरे होते." बरे! भरल्या हॉलमध्ये. बरा कोणाला म्हणतात? ताप उतरलेल्या माणसाला. तो शब्द वर्षभर किडक्या दाढेसारखा ठणकतोय.

संकल्प: यंदा कप माझा. कप घ्यायचा, माइकवर एकच वाक्य बोलायचं, "डेंटिस्टसाहेबांची फुलंही बरी होती," आणि जागेवर येऊन बसायचं. जोडसंकल्प: रोज पहाटे उठून बागकाम.

४ डिसेंबर, नऊ वाजता
उठायला उशीर. गजर वाजला नसावा. ही म्हणते वाजला, तुम्हीच बंद केलात. पुरावा काय?
आरशासमोर वाक्याची तालीम. 'बरी' म्हणताना किंचित हसायचं. हिने बाहेरून विचारलं, दाढ दुखतेय का.

८ डिसेंबर, रविवार
पेपरात थंडीच्या लाटेची बातमी. येऊ दे. जाडजूड प्लॅस्टिक आणून सगळे डेलिया नखशिखांत गुंडाळले. आत वारा शिरायची बिशाद नाही. माती कोरडी ठेवली, म्हणजे मुळांना गारठा नको.

भिंतीच्या आडोशाला जागा कमी पडली, म्हणून हिची शेवंती बाहेर काढली. काठ फुटलेली कुंडी, चार कळ्या. हिच्या आईने जाण्याआधी लावून दिलेलं रोप. मी समजावलं की युद्धात भावनेला जागा नसते. हिने कुंडी उचलून नेली, म्हणजे पटलं.

१२ डिसेंबर
देव आहे. डेंटिस्ट लेकीच्या बाळंतपणासाठी गावाला चालला आणि फाटकाची किल्ली कोणाच्या हातात दिली? माझ्या! म्हणाला, थंडीत पाणी फार नको, आठवड्यातून एकदा, तेही बेताचं. मी म्हटलं, निर्धास्त जा.

विचार केला, कडाक्याच्या थंडीत माणसाला रोज संध्याकाळी पायावर गार पाणी ओतून उभं केलं तर त्याचं काय होईल? झाडांचं वेगळं काय होणार? उद्यापासून रोज पाईप. भरपूर.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
पहिला हल्ला. वाफ्यांचा चिखल होईस्तोवर पाणी सोडलं. फार बरं वाटलं. चप्पल चिखलात अडकली ती तिथेच राहिली.

१७ डिसेंबर
शिंका. ऑफिसात साहेब म्हणाले, घरी जा. घरी न जाता डेंटिस्टच्या बागेत गेलो. कर्तव्य ते कर्तव्य.

कुंपणाजवळच्या रांगेत काठ फुटलेली एक कुंडी दिसली. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली, पण शत्रूच्या घरात ओळखी काढायच्या नसतात. तिच्या कळ्या फारच टवटवीत, त्यामुळे जास्तच राग आला. तिला रोज एक जादा तांब्या.

२२ डिसेंबर
माझ्या प्लॅस्टिकच्या आत थेंब जमलेत. डेलियांना घाम फुटलाय, म्हणजे आत ऊब मस्त आहे. ही म्हणाली, दिवसा तरी उघडत जा, उन्हात आत उकडतंय, चिकटलेली पानं काळी पडली. मी म्हटलं, काळी नव्हेत, गडद हिरवी. हिला बागेतलं फारसं कळत नाही.

२९ डिसेंबर, पहाटे (शिंकांमुळे जाग)
दव गोठलं! गवत पांढरं, गाड्यांच्या काचा पांढऱ्या. गल्लीतल्या सगळ्या बागा करपल्या. धावत डेंटिस्टकडे गेलो. दोन-चार पानं सोडली तर सगळं जसंच्या तसं उभं. धक्क्याने मेलेलं झाड काही दिवस उभं राहत असणार. संध्याकाळी पाणी वाढवलं.

५ जानेवारी, सकाळ
प्लॅस्टिक उघडलं. लिहिण्यासारखं काही नाही.

५ जानेवारी, दुपार
लिहितो. बुळबुळीत देठ, बुरशी, वास. एकही डेलिया वाचला नाही. बराच वेळ तिथेच बसून होतो. हिने बादली आणली आणि एक शब्द न बोलता सगळं भरून नेलं. बोलली असती तर परवडलं असतं.

दुकानदाराला जाब विचारला. म्हणाला, हे ट्रकवर टाकायचं प्लॅस्टिक, झाडांना वारा लागतो साहेब. आधी सांगायला काय झालं होतं?
नवा बेत: मला नाही तर नाही, पण डेंटिस्टलाही कप मिळता कामा नये. पाणी दुप्पट.

९ जानेवारी
डेंटिस्ट परतला. नात झाली. बाग बघून थेट माझ्याकडे आला आणि माझे दोन्ही हात धरले. "मी थोडं पाणी म्हणालो होतो, तुम्ही डोकं वापरलंत. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. माझी बाग तुम्ही वाचवलीत." डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, त्यात काय, शेजारी कशाला असतात. दुसरं काय म्हणणार?

तरी नीट विचार केला तर त्याला कप मिळाला तरी तो माझाच. माझ्या पाण्यावरचा. माइकवर माझं नाव घेणं त्याला भाग आहे.

१८ जानेवारी, प्रदर्शनाहून आल्यावर
नवीन स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसलो. परीक्षक म्हणून नर्सरीवाल्या बाई. त्यांनी दुसरा नंबर पुकारला: डेंटिस्ट. दुसरा! सर्वांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. वर्षभराचा हिशेब चुकता.

पहिला नंबर शेवंतीचा. टेबलावर आणली ती काठ फुटलेली कुंडी, फुलांनी गच्च. शेजारून ही उठली. वाटलं, पाणी प्यायला चालली. ती स्टेजवर गेली.

मी बाहेर काढली त्याच दिवशी हिने कुंडी कुंपणावरून डेंटिस्टकडे दिली होती म्हणे. कप घेऊन ही माइकवर आईबद्दल दोन वाक्यं बोलली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या ह्यांचे डेलियाही बरे होते. थंडीने गेले."
डेंटिस्टने टाळ्या वाजवल्या. मनापासून.

१९ जानेवारी, सकाळ
चहा देताना ही म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होते मी. अंगात कणकण असतानाही जायचात. आईच्या कुंडीला रोज वेगळा तांब्या घालायचात. बोलून दाखवलं नाहीत, पण मला कळलं."
मी म्हटलं, हं.

कप जेवणाच्या टेबलावर आहे. पुसायचं काम माझ्याकडे आलंय. आज पहिल्यांदा हातात घेऊन जवळून पाहिला. बरा आहे.